‘कापूसले काय भाव शे?’ विचारा वॉशिंग्टनला!

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी आली २७ ऑगस्टला. आपल्या खान्देशात बरेच जिनिंगवाले आणि खेडा खरेदी करणारे व्यापारी याच दिवशी काट्याची पूजा करून कापूस खरेदीचा मुहूर्त करतात. पुढे भाव काय राहील तो राहील, मुहूर्ताच्या कापसाला चार पैसे जास्त मिळतात. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क सुरू झालं. आधीचं २५ टक्के ७ ऑगस्टपासून होतंच, त्यावर आणखी २५. कारण काय? तर भारत रशियाकडून तेल घेतो.

आता रशियाचं तेल आणि पारोळ्याचा कापूस यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि चांगलाच आहे.

युक्रेन युद्धाच्या आधी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. २०२२ मध्ये युरोपने पाठ फिरवल्यावर रशियाने तेल सवलतीत विकायला काढलं, भारताने ते घेतलं आणि हा वाटा एक तृतीयांशाच्याही वर गेला. देश म्हणून यात चुकीचं काही नव्हतं. स्वस्त मिळतंय तिथून घ्या, कुणाच्या गटात जाऊ नका. याला परराष्ट्र धोरणाच्या भाषेत ‘स्ट्रॅटेजिक ऑटोनॉमी’ म्हणतात आणि यूपीएससीच्या जीएस-२ ची तयारी करणारा प्रत्येक जण त्यावर १५ मार्कांचं उत्तर झोपेतही लिहील. फक्त या ऑटोनॉमीचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, हे त्या उत्तरात येत नाही.

ते बिल ऑगस्टमध्ये आलं. अमेरिका हे आपल्या कापड आणि तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ५० टक्के शुल्क लागल्यावर तिथे बांगलादेश आणि व्हिएतनामचा शर्ट आपल्यापेक्षा स्वस्त पडणार, हे उघड होतं. तिरुपूरपासून सुरतेपर्यंत घबराट पसरली. उद्योगाला काहीतरी दिलासा द्यायला हवा होता. केंद्र सरकारने तो दिला आणि १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती. अमेरिकेचं वाढीव शुल्क लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

गंमत (की काय म्हणावं याला) अशी की ७ ऑगस्टला दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर सांगितलं होतं, शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली तरी तयारी आहे. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरूनही तेच. दूध आणि धान्याच्या बाबतीत सरकारने तेव्हा अमेरिकेपुढे खरोखर मान तुकवली नाही, हे मान्य करायला हवं. कापसाचं शुल्क मात्र चार दिवसांनी गेलं, पोळ्याच्या आठवड्यात.

११ टक्क्यांनी एवढा काय फरक पडतो? समजा, ब्राझीलची रुई मुंबईच्या बंदरात १०० रुपयांना पडते. शुल्क असताना सूतगिरणीला ती १११ ला पडायची. म्हणजे तशाच प्रतीच्या इथल्या रुईला गिरणी ११० पर्यंत भाव देऊ शकत होती. शुल्क गेलं की ती १०० च्या वर जाईलच कशाला? जिनिंगवाला हा हिशोब आपल्याआधी करतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईचा भाव खाली आला की तो कापसाच्या भावातून कापून घेतो. परदेशी गाठ जळगावच्या एकाही जिनिंगमध्ये आली नाही तरी भाव पडतो, तो असा.

यात कुणी व्हिलन आहे असं मला वाटत नाही. धुळे जिल्ह्याचंच बघा. शिरपूरला प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी आहे, धुळ्याजवळ मोराण्याला जवाहर शेतकरी सूतगिरणी आहे. गिरणीला कापूस स्वस्त हवा, नाहीतर सूत महाग पडतं. बांधावरच्या माणसाला तो महाग हवा. अनेक घरांत बापाचा कापूस असतो आणि पोरगा गिरणीत किंवा सुरतेला कापड मार्केटमध्ये कामाला. ट्रम्प यांच्या एका सहीने त्याच घरातल्या दोघांना समोरासमोर उभं केलं. दिलासा द्यायचा होता तर तो तिजोरीतून देता आला असता. निवडला तो मार्ग सगळ्यात सोपा होता, कारण त्यात सरकारला खिशातून फारसं काही काढावं लागत नाही.

अमेरिकेतल्या घडामोडीने खान्देशचा कापूस हलण्याची ही पहिली वेळ नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तोवर लँकेशायरच्या गिरण्या तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून आणत. तो थांबला आणि इंग्रजांना एकदम आपला कापूस आठवला. तेव्हा जळगाव-धुळे वेगळे नव्हते, एकच खान्देश जिल्हा होता. त्या चार वर्षांत जळगाव कापसाची मोठी पेठ बनलं. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांनी कापसाच्या पैशावर शेअर बाजार डोक्यावर घेतला. मग युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला आणि जळगावालाही मोठा फटका बसला. जुन्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. जळगावच्या शेतकऱ्याने लिंकन हे नावही ऐकलं नसेल, पण भाव लिंकनच्या सैन्याने ठरवला होता.

आणि अगदी अलीकडचं हवं असेल तर २०२१-२२ चा हंगाम आठवा. तेव्हा आपल्यातले बरेच जण बारावीत नाहीतर एफवायला असतील. कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. कोविडनंतर कपड्यांची मागणी उसळली होती, आणि त्यातच अमेरिकेने चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या कापसावर बंदी घातली होती. उइगुर मुसलमानांवरच्या अत्याचारांचा तो विषय. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच भाव येईल म्हणून घरोघरी कापूस भरून ठेवला. ओसरीत कापूस, पलंगाखाली कापूस, अंगाला खाज सुटलेली, तरी विकायचा नाही. भाव आलाच नाही. उन्हाळ्यात तोच कापूस सात-आठ हजारांत काढावा लागला.

बांगलादेशचं प्रकरण तर यावरही कडी आहे. आपल्या कापसाचं आणि सुताचं ते मोठं गिऱ्हाईक. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना भारतात आल्या आणि दोन्ही देशांचं बिनसलं. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने भारतीय सुताची जमिनीच्या मार्गाने होणारी आयात थांबवली. मे महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीचा मार्ग बंद केला. टीव्हीवर ‘करारा जवाब’ झाला, पण सूत समुद्रमार्गे पाठवायचं म्हणजे वेळही जास्त लागतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सगळं नवीन नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, तेव्हा सगळीकडे बातमी झाली. आज भारतीय केळीचे मोठे ग्राहक म्हणजे इराक, इराण, अमिराती, ओमान, सौदी. थोडक्यात, जिथे कधी काय पेटेल सांगता येत नाही तो सगळा पट्टा. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणमध्ये बारा दिवस युद्ध झालं आणि होर्मुझची सामुद्रधुनी बंद होते की काय, अशी चर्चा सुरू झाली. असं झालं की जहाजाचं भाडं आणि विमा चढतो. कापूस निदान पलंगाखाली ठेवता येतो. कापलेली केळी १३ अंशांच्या कंटेनरमध्ये गेली नाही तर काही दिवसांत पिकते. गंमत म्हणजे त्या केळीला पाणी देणारं ठिबकचं तंत्र इस्रायलमध्ये वाढलेलं. जळगावच्या जैन इरिगेशनने नानदान ही इस्रायली ठिबक कंपनीही घेतली होती. म्हणजे एकाच्या नळीवर पिकवायचं आणि दुसऱ्याला विकायचं. आमच्याकडे ‘गुटनिरपेक्षता’ शेतातच आहे, भो!

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाची फी १ लाख डॉलर केली, तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर दोन-तीन दिवस दुसरा विषय नव्हता. कापसाचं शुल्क गेलं त्या आठवड्यात कट्टा शांत होता. वर्गात निम्म्याहून जास्त पोरांची फी कापसातून किंवा केळीतून येते, तरीही. भाव हा वडिलांचा विषय आणि ट्रम्प हा रीलचा विषय, अशी आपण वाटणी करून टाकली आहे.

मधल्या काळात जग थांबलेलं नाही. ऑगस्टअखेर पंतप्रधान सात वर्षांनी चीनला गेले. ४ आणि ५ डिसेंबरला पुतिन दिल्लीत होते. ब्रिटनबरोबरच्या करारावर जुलैमध्ये सह्या झाल्या. आपले कपडे तिथे शून्य शुल्काने जाण्याची तरतूद त्यात आहे. २०२५ च्या अखेरीस अमेरिकेशी बोलणी चालूच होती, आणि त्यांच्या कापूस उत्पादकांनाही भारताची बाजारपेठ हवी होती, हे लक्षात ठेवा.

इकडे २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. खासगी खरेदी त्याच्या खाली चालली होती. सीसीआयला द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी, ई-पीक पाहणी झालेली हवी, ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. पावसात भिजलेल्या कापसाचा ओलावा किती, हे काट्यावर गेल्यावरच कळतं. पहिल्या दोन गोष्टी मोबाइलवर होतात आणि त्या घरातल्या कॉलेजवाल्यानेच करायच्या असतात. ज्यांच्या घरी तेव्हा कापूस पडून होता, त्यांच्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख महत्त्वाची होती. त्यानंतर ११ टक्के परत लागणार की पुन्हा मुदतवाढ मिळणार, हे तेव्हा जाहीर झालेलं नव्हतं. मागची मुदतवाढ संपण्याच्या महिनाभर आधी आली होती. त्या वेळी डिसेंबर अर्धा सरला होता.