पतंगाच्या दोरीवरील कॅमेरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आकाशातून भूमीचे छायाचित्र घ्यावयाचे म्हणजे विमान हवे, निदान ड्रोन तरी हवा, अशी जी समजूत सांप्रत रूढ झाली आहे तिला इतिहासाचा आधार नाही. कारण राइट बंधूंचे विमान 1903 साली उडाले त्याच्या पंधरा वर्षे आधी, 1888 मध्ये, फ्रान्समधील लाब्रुगिएर गावी आर्तुर बात्यू या गृहस्थाने पतंगाला कॅमेरा बांधून छायाचित्रे घेतली होती. कॅमेऱ्याची झडप उघडण्यासाठी मंद जळणारी वात आणि ती उघडल्याची वर्दी देण्यासाठी वरून सुटणारी कागदाची फीत, एवढ्या सामग्रीवर त्याचे काम भागले. पतंगास भार पेलत नाही ही शंका 1906 मध्येच निकालात निघाली. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोचे चित्र जॉर्ज लॉरेन्सने 17 पतंगांच्या माळेवर सुमारे 22 किलोंचा कॅमेरा चढवून 2000 फुटांवरून टिपले.

मात्र संक्रांतीला काटाकाटी करणारा कागदी पतंग या कामी निरुपयोगी, कारण त्याची चपळाई हाच येथे दोष ठरतो. कॅमेरा पतंगाच्या पोटाशीच लटकतो हीदेखील बव्हंशी चुकीची कल्पना होय. तो पतंगाखाली बऱ्याच अंतरावर, दोरीला बांधतात. तेथे 1912 च्या सुमारास फ्रेंच पिकाव्हे याने योजलेली चौकट उपयोगी पडते. फुलीच्या आकाराच्या तिच्या चारही टोकांच्या कड्यांतून एकच अखंड दोरी ओवून ती मुख्य दोरीवर दोन ठिकाणी अडकवली, की मुख्य दोरी कितीही कलली तरी ओवलेली दोरी कड्यांतून सरकते आणि कॅमेरा आडव्या पातळीत राहतो. सोडलेली दोरी तितकीच उंची, हा हिशेबही फसवा: 100 मीटर दोरी 45 अंशांत ताणली तर उंची जेमतेम 70 मीटर भरते, आणि झोळ पडल्यास त्याहूनही कमी.

वारा जितका जोराचा तितका उत्तम, असे मानणाऱ्याने एकदा उरणजवळच्या करंज्यास यावे. दुपारनंतर पाण्यावरून विनाअडथळा येणारा खारा वारा मध्यम असला तरी एकसारखा वाहतो, उलट तेथील द्रोणागिरी डोंगराच्या आडोशाला तोच वारा भोवरे घेतो आणि कॅमेऱ्यासह पतंग खाली आपटू शकतो. शिवाय पतंग वाऱ्याबरोबरच सरकणार. म्हणून वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचे वा मिठागरांचे चित्र हवे असल्यास उडवणाऱ्याने त्यांच्या वाऱ्याकडील बाजूस उभे राहणे प्राप्त आहे.

पण सर्वांत घातक गैरसमज असा, की पतंग हे खेळणे असल्याने त्यास परवान्याची गरज नाही. 1934 च्या विमान कायद्याने ‘विमान’ या संज्ञेत बलून आणि ग्लायडर यांच्या पंक्तीस पतंगही बसवला, आणि 1937 च्या नियमावलीने उडत्या विमानातून लेखी परवानगीविना छायाचित्र घेण्यास मनाई केली. 2025 च्या जानेवारीपासून जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली तरी त्या व्याख्येतून पतंग काही सुटला नाही. तशात करंज्यास नौदलाचे शस्त्रागार आहे; 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यान्वये अशा प्रतिबंधित स्थळाचे चित्रण हा गंभीर अपराध ठरू शकतो, आणि चित्र मिठागराचे घेत होतो ही सबब, चौकटीच्या कोपऱ्यात शस्त्रागाराची भिंत उमटली असता, फारशी टिकण्यासारखी नाही. याच परिसरात नवी मुंबईचा विमानतळही 2025 मध्ये सुरू झाला असल्याने, दोरीचे रीळ हाती घेण्यापूर्वी पोलीस ठाणे आणि विमानोड्डाण खाते या दोहोंकडे अर्ज करावा.