केळीचा विमा, अनेक खाती

रावेरच्या शेतकऱ्याने केळीचा हवामान आधारित विमा काढला, की एका अर्जामागे बऱ्याच यंत्रणा कामाला लागतात. जमीन सातबाऱ्यात, पीक 2021 पासून ई-पीक पाहणीत, तापमान आणि वारा महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात, भरपाई बँक खात्यात. हे सगळं एकाच अवाढव्य संगणकात कोंबायचं नाही. प्रत्येक खात्याने आपली नोंद सांभाळायची आणि दुसऱ्याने विचारलं की ठरलेल्या नमुन्यात उत्तर द्यायचं, ही सेवाधिष्ठित रचना.

तंत्रापेक्षा नियम अवघड. फेरफार मंडळ अधिकारीच प्रमाणित करणार. विमा कंपनीने नोंद फक्त वाचायची. गट क्रमांक एकीकडे ‘112/1’ आणि दुसरीकडे ‘112/1/अ’ असला, तरी अर्ज अडू शकतो आणि हेलपाटे शेतकऱ्यालाच पडतात. अशी तफावत कोणत्या खात्याने किती दिवसांत मिटवायची, हे आधीच लेखी ठरलेलं हवं.