पितळेवरचं वंदे मातरम्

पोरंहो, आपल्या मोर्शीत वरात निघाली की बँडचा आवाज पार चौकापलीकडे जातो. तुम्हाला वाटतं, पितळ वाजते. नाही बाप्पा! वाजते ती नळीतली हवा.

वाजवणारा ओठ घट्ट मिटून फुंकतो. ओठ थरथरतात अन् ती थरथर नळीतून कर्ण्याकडे धावते. तिथं थोडा आवाज बाहेर पडतो, बाकीचा उलटा फिरून ओठांशी येतो. नळीच्या लांबीत नेमकी बसेल तीच थरथर टिकते, उरलेली विरून जाते. म्हणून साध्या बिगुलातून मोजकेच सूर निघतात: सा, प, वरचा सा, मग ग अन् प. रे, म, ध कितीही फुंका, सापडत नाहीत.

ते हवे असतील तर नळी लांब करायला हवी. १८१८ मध्ये प्रशियात श्ट्योल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी त्यासाठी कळांचं पेटंट घेतलं. ट्रम्पेटची मधली कळ दाबली की हवेला छोटा वळसा पडतो, सूर अर्ध्यानं उतरतो. पहिलीनं पूर्ण, तिसरीनं दीड. आणि जोरानं फुंकलं की आवाज असा झळाळतो की सारं मैदान भरून जातं. देशाचं गाणं बँडवर वाजावं असं वाटतं ते यामुळेच.

पण अडचण बघा. आपलं गाणं सुरावरून सुरावर घसरत जातं, ती मींड. कळ दाबली की नळीची लांबी मात्र एकदम बदलते, म्हणून ती घसरण बँडवर जमत नाही. राष्ट्रगीत ठरवायचं होतं तेव्हा, १९४८ मध्ये, पंडित नेहरूंनी घटना समितीत सांगितलं, की 'वंदे मातरम्' वाद्यवृंदावर सहज बसत नाही.

आळंदीत जन्मलेल्या, भास्करबुवा बखल्यांकडे शिकलेल्या मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांना हे मान्य नव्हतं. झिंझोटी रागातली आपली चाल घेऊन ते मुंबईत बँडच्या जाणकारांबरोबर बसले, बँडसाठी तिची स्वरलिपी केली आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली. जन्मभर मींडेत रमलेल्या गवयानं पितळेचा स्वभाव ओळखून चाल उभी केली, याचं मला फार मोल वाटतं.

२४ जानेवारी १९५० ला डॉ. राजेंद्रप्रसादांनी निर्णय सांगितला: राष्ट्रगीत 'जन गण मन', अन् 'वंदे मातरम्'ला तितकाच मान.

येत्या सव्वीस जानेवारीला ट्रम्पेटवाल्याची बोटं नीट बघा. एकही कळ न दाबता निघालेला सूर बिगुलाचा, एवढं ओळखून मला सांगा.