वेत, माज आणि मोल : श्वानपैदाशीतील नीती व अर्थव्यवहार

जनावरांच्या बाजारात म्हैस घेणारा शेतकरी दुधाच्या चौकशीबरोबरच एक प्रश्न हमखास विचारतो : ‘कितव्या वेताची?’ जनावर किती वेळा व्याले, त्याचे वय अदमासे काय असेल आणि यापुढे त्याच्याकडून किती अपेक्षा धरावी, हे सारे ज्ञान ‘वेत’ या एका शब्दात साठविलेले असते. ‘माज’, ‘गाभण’, ‘भाकड’, ‘दोन दाती’ हे शब्दही त्याच परंपरेतील होत. अशा शब्दांमुळे बाजारातील फसवणूक थांबते असे नाही. परंतु काय विचारावयास हवे, हे मात्र ते शब्द ग्राहकास शिकवितात. शहरातील श्वानविक्रीच्या भाषेतून नेमका हाच शब्दसंग्रह गळालेला आहे. आणि शब्दांबरोबर पिलांची आईही हिशेबातून गळाली आहे. श्वानपैदाशीतील जबाबदारीचा विचार म्हणूनच मादीपासून सुरू करणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या उत्तर सीमेलगतच्या काशीमीरा परिसराचे उदाहरण घ्यावे. हे स्थलनाम काशी व मिरे या दोन गावांच्या नावांचा जोड होय. येथे मीरा-भाईंदर रस्ता राष्ट्रीय महामार्गास मिळतो. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, तर पश्चिमेस सदनिकांची दाट वस्ती. अशा वसाहतीतील कुटुंब जेव्हा पिलू विकत घेते, तेव्हा त्याच्या कानी पडणारे शब्द असतात ‘विथ पेपर’, ‘विदाउट पेपर’, ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’. यांतील पहिले दोन शब्द कागदासंबंधी व उरलेले रूपासंबंधी आहेत. पिलाची आई किती वेळा व्याली, ती कोठे व कशी ठेवली जाते, याचा वाचक असा एकही शब्द या यादीत नाही. गावात पिलू मागावयास गेलेल्या माणसापुढे आई अंगणातच बसलेली असते. शहरात पिलू दलालाच्या हातून येते, आणि आई दृष्टीआड राहते.

या दृष्टीआडपणाचे आर्थिक परिणाम दूरगामी आहेत. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे विवेचन करताना असे दाखविले की, मालाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असेल, तर ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम माल विकणे परवडत नसल्याने तो माल हळूहळू बाजारातून नाहीसा होतो. पिलांच्या बाजारास हे विवेचन तंतोतंत लागू पडते. पार्व्हो विषाणूची बाधा झालेले पिलू लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस टवटवीत दिसू शकते. मादीची वैद्यकीय तपासणी, सकस आहार व लसीकरण यांवर खर्च करणारा पैदासकार आणि यांपैकी काहीही न करणारा पैदासकार, या दोघांची पिले विक्रीच्या दिवशी सारखीच गोजिरवाणी दिसतात. अशा स्थितीत किमतीच्या स्पर्धेत पहिला मागे पडतो, यात नवल नाही.

केंद्र शासनाने १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१७ साली श्वानपैदास व विक्रीसंबंधी जे नियम केले, त्यांचा अर्थ या पार्श्वभूमीवर ध्यानी येतो. राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी, अठरा महिन्यांपूर्वी व आठ वर्षांनंतर पैदाशीस मनाई, लागोपाठच्या दोन माजांत वेत घेण्यास बंदी, सबंध आयुष्यात पाचच वेते, आणि आठ आठवड्यांखालील पिलाच्या विक्रीस मज्जाव, ही त्यांतील प्रमुख कलमे होत. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. अठरा महिने ते आठ वर्षे या साडेसहा वर्षांत तिचे सुमारे तेरा माज होतात. निव्वळ नफ्याचे गणित या तेराही माजांवर डोळा ठेवते; नियम त्यांतील पाचच मान्य करतो. म्हणजे एका मादीपासून मिळू शकणारे उत्पन्न निम्म्याहूनही कमी होते. आठ आठवड्यांच्या अटीचा हिशेब याहून सूक्ष्म आहे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिले आईच्या दुधावरून तुटू लागतात व तेथून पैदासकाराचा खर्च वाढू लागतो. पाचव्या आठवड्यात पिलू विकणारा हा खर्च ग्राहकाच्या माथी मारतो. आणि ज्या काळात पिलू आईकडून व भावंडांकडून वागणूक शिकते, तो काळही तोडून टाकतो. स्कॉट व फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळाचे महत्त्व सप्रयोग दाखविले आहे.

तथापि नियम व त्याचा धाक या भिन्न गोष्टी होत. १९६० च्या अधिनियमात क्रूरतेच्या पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपये दंड ठरविला होता. एका पिलाची किंमत हजारांत मोजली जात असता असा दंड शिक्षा न राहता धंद्याचा किरकोळ खर्च बनतो.

उंची किंमत किंवा वंशावळीचा कागद हा जबाबदारीचा पुरावा मानणेही चुकीचे होय. २००३ साली हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि त्या जातीची मागणी देशभर वाढली. चपटे तोंड हे त्या जातीचे मान्य लक्षण. परंतु त्याच लक्षणामुळे तिला श्वासोच्छ्वासाचा त्रास होतो, आणि किनारपट्टीच्या दमट उष्म्यात तो अधिकच बळावतो. येथे कागद खरा असतो, जातही शुद्ध असते, आणि तरीही यातना वंशपरंपरेने पोहोचविली जाते.

याउलट लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत व लगतच्या उत्तर कर्नाटकात आढळणाऱ्या कारवानी कुत्र्याची निवड पिढ्यानपिढ्या धावण्याच्या कसोटीवर झाली. सशामागे न टिकणारे जनावर पैदाशीस ठेवण्यात अर्थ नव्हता. मुधोळ संस्थानात या जातीस उर्जितावस्था आणण्याचे श्रेय मालोजीराव घोरपडे यांस दिले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस आळा घातला, तो योग्यच होता. परंतु त्याबरोबर या जातीची जुनी कसोटीही मागे पडली व तिची जागा रूप आणि नाव यांनी घेण्याचा धोका निर्माण झाला. नावाचा प्रश्नही साधा नाही : केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ म्हणून. एकाच प्राण्याची दोन नावे, दोन नोंदवह्या. आणि खेड्यातील कित्येक उत्तम जनावरे या दोहोंच्याही बाहेर.

म्हणून जबाबदार पैदाशीची व्याख्या जातीच्या शुद्धतेवरून न करता खर्च कोणी सोसला यावरून करणे इष्ट होय. मादीची विश्रांती, पिलांचे आठ आठवडे, आनुवंशिक दोषांची तपासणी, न विकलेल्या वा परत आलेल्या पिलाचा सांभाळ आणि पैदाशीतून निवृत्त झालेल्या मादीचे उर्वरित आयुष्य, हा सारा खर्च पैदासकाराने किमतीत उघडपणे धरावा व ग्राहकाने तो जाणून द्यावा. हा खर्च टाळता येतो, परंतु नाहीसा होत नाही : तो मादीच्या शरीरावर, पिलाच्या प्रकृतीवर किंवा सोडून दिलेल्या कुत्र्याच्या रूपाने नगराच्या रस्त्यावर पडतो. स्वस्त पिलाची किंमतही पुरेपूर दिली जातेच, फक्त ती देणारा दुसरा असतो. त्या दुसऱ्याची नोंद होण्यासाठी विक्रीच्या कागदावर जातीच्या रकान्याशेजारी आईच्या वेताचाही एक रकाना हवा, आणि तो कोरा असेल तर व्यवहार थांबविण्याची तयारी ग्राहकाजवळ हवी.