अरबस्तानचा आवाज एक नाही

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावी, जेथून उपजीविकेसाठी माणसे पुण्या-मुंबईस जातात तशी थोडीबहुत आखाती मुलखातही जातात, पश्चिम आशियातील एखादी घडामोड भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटली की तिच्या पाठोपाठ ‘ही अरबांची बातमी’ असा एक शेराही उमटतो. आणि तो शेरा विश्वासाने मारलेला असो वा अविश्वासाने, त्याच्या मुळाशी गृहीत असते ते हेच की मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरलेल्या, अरब लीगच्या बावीस सभासद देशांचे जणू एकच मुख आहे व त्यातून एकच वाणी निघते. या एका गृहीतापासून बाकीचे पुष्कळसे गैरसमज फुटले आहेत.

त्यांतला सर्वांत साधा समज लिपीचा. उर्दू दैनिक दिसले की ते ‘अरबी वर्तमानपत्र’ होय असे चांगली शिकलेली मंडळीही म्हणतात. वस्तुतः उर्दू ही मराठीप्रमाणेच याच भूमीत घडलेली आर्यभारतीय कुळातील भाषा आहे. प, च, ट, ग या ध्वनींसाठी तिच्या लिपीत जी अक्षरे आहेत ती मूळ अरबी वर्णमालेत नाहीतच. हैदराबादेस १९४९ साली निघालेले ‘सियासत’ हे दख्खनचे पत्र आहे, कैरोचे नव्हे. मराठवाड्याचा अरबांशी खरा ऋणानुबंध निराळाच आहे: निजामाच्या चाकरीत हद्रमौतहून आलेले अरब जमादार व शिपाई होते, त्यांचे वंशज चाऊस या नावाने आपल्याच भागात नांदतात, आणि त्या जमादारांपैकी कुऐती घराण्याने हैदराबादेस मिळविलेल्या द्रव्याच्या बळावर दक्षिण अरबस्तानात मुकल्ला येथे स्वतःचे राज्य उभारले.

दुसरा समज असा की अरबी पत्रकारिता तेलाच्या पैशातून काल-परवा जन्मली. ‘अल-वकाई अल-मिस्रिया’ हे सरकारी पत्र इजिप्तचा अधिपती महंमद अली याने कैरोत सुरू केले ते १८२८ साली, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’च्याही सुमारे तीन वर्षे आधी, आणि ‘दर्पण’ जसे मराठी व इंग्रजी अशा दोन स्तंभांत निघे, तसे हे तुर्की व अरबी अशा दोन भाषांत निघे. भेद होता तो मालकीचा. कैरोचे पत्र हे दरबारचे दप्तर होते, अंमलदारांना हुकूम कळविण्याचे साधन होते. मुंबईचे पत्र एका विद्वानाने लोकशिक्षणासाठी चालविले होते. खासगी अरबी पत्रे पुढे बैरूत व अलेक्झांड्रिया येथे उदयास आली, आणि ती प्रामुख्याने सीरिया-लेबनॉनच्या ख्रिस्ती अरबांनी काढली, ही गोष्ट ‘अरब म्हणजे मुसलमान’ असे समीकरण मांडणाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावी. ‘अल-अहराम’ हे जगप्रसिद्ध पत्र १८७६ साली सलीम व बिशारा तकला या लेबनीज ख्रिस्ती बंधूंनी अलेक्झांड्रियात सुरू केले. ‘अल-हिलाल’ हे मासिक १८९२ साली जुर्जी झैदान याने काढले, तोही बैरूतचा ख्रिस्ती. त्याच वर्षी हिंद नौफल नावाच्या तरुणीने ‘अल-फतात’ हे स्त्रियांचे मासिक प्रसिद्ध केले, त्या वेळी आखातात तेलाची पहिली विहीर लागण्यास अद्याप कित्येक वर्षे अवकाश होता.

छापील अक्षराची पोच मात्र साक्षरांपुरतीच राहिली, आणि निरक्षर रयतेपर्यंत पोहोचले ते नभोवाणीचे शब्द. १९५३ च्या जुलैमध्ये, प्रथम दिवसाकाठी अवघा अर्धा तास, कैरोहून ‘सौत अल-अरब’ हे केंद्र बोलू लागले. इजिप्तचा नेता नासर याच्या राजवटीचा तो आवाज ट्रान्झिस्टरच्या प्रसाराबरोबर वाळवंटातील तंबूपासून अल्जीरियाच्या डोंगरांपर्यंत गेला, आणि इंग्रज व फ्रेंच सत्तांना त्याचा धाक वाटला. त्याच कैरोच्या नभोवाणीवर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी उम्म कुलसूमचे गाणे असे, व त्या रात्री शहरांचे व्यवहार मंदावत. परंतु ज्या आवाजाने कोट्यवधींचा विश्वास कमावला, त्यानेच तो गमावला: ५ जून १९६७ च्या सकाळी इस्रायलच्या हल्ल्यात इजिप्तची विमाने धावपट्ट्यांवरच जळत असता निवेदक अहमद सईद शत्रूच्या विमानांच्या विध्वंसाचे आकडे ऐकवीत राहिला, आणि सत्य बाहेर आले तेव्हा श्रोत्यांनी बातमीसाठी परकीय केंद्रांकडे कान वळविले. ‘अरब श्रोता सांगितले ते मानतो’ हा समज येथेच खोटा ठरतो.

निजामी अंमलाची स्मृती ज्या घरांत आहे त्यांना हे उमजणे कठीण पडू नये. आपल्याकडेही संस्थानची नभोवाणी सरकारच्या ताब्यात होती, पत्र काढण्यास परवाना लागे, आणि परवान्याच्या पाठीमागे जप्तीचे फर्मान उभे असे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेले ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक संस्थानच्या हद्दीबाहेर छापून, बंदी आली की नाव पालटून निघत राहिले. आणि हैदराबादेत ‘इमरोझ’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा, रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल, ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. हद्दीबाहेर छापून हद्दीच्या आत पोहोचविणे हा उपाय अरबांनीही पत्करला, फार मोठ्या प्रमाणावर. लेबनॉन १९७५ पासून यादवीत होरपळू लागला तेव्हा बैरूतचे कित्येक संपादक लंडन-पॅरिसला गेले; ‘अश-शर्क अल-औसत’ हे दैनिक १९७८ साली लंडनहून निघाले; आणि ‘अल-हयात’, ज्याचा बैरूतमधील संस्थापक कामिल मुरुव्वा १९६६ साली आपल्या कचेरीत मारला गेला होता, तेही पुढे लंडनहून पुन्हा निघाले. परंतु एक मोठा फरक नोंदविला पाहिजे: वाघमाऱ्यांचे पत्र सत्तेपासून दूर जाऊन स्वतंत्र होते, तर लंडनच्या या दोन्ही दैनिकांमागे सौदी घराण्यातील द्रव्य उभे होते. अंतराने दरबारची सावली आपोआप सुटत नाही.

सर्वाधिक गैरसमज अर्थातच ‘अल जझीरा’विषयी आहेत. १ नोव्हेंबर १९९६ रोजी कतारची राजधानी दोहा येथून ही वाहिनी सुरू झाली. तिला कतारच्या अमीराने भांडवल दिले, परंतु तिचे आरंभीचे बरेचसे पत्रकार बीबीसीच्या त्या अरबी दूरचित्रवाणीत तयार झालेले होते, जी सौदी भागीदाराशी बेबनाव होऊन त्याच वर्षी बंद पडली होती. ओसामा बिन लादेनच्या ध्वनिचित्रफिती तिने दाखविल्या म्हणून ती अतिरेक्यांची वाहिनी, असे २००१ नंतर जगभर म्हटले गेले. पण इस्रायली अधिकाऱ्यांना पडद्यावर आणून त्यांच्याच तोंडून त्यांची बाजू अरब घरांत ऐकविण्याचा प्रघात पाडणारीही हीच वाहिनी होती, हे सांगितले जात नाही. दुसऱ्या टोकास, ती पूर्ण निर्भीड आहे हेही खरे नाही. शेजारच्या राजांवर तिने जितके आसूड ओढले तितके खुद्द कतारच्या गादीवर कधी ओढले नाहीत. २०११ साली ट्युनिशिया व इजिप्तच्या उठावांची क्षणाक्षणाची हकीकत देणाऱ्या अरबी वाहिनीने बहरीनच्या उठावास त्या मानाने फारच थोडी जागा दिली. त्या उठावांचे सारे श्रेय वा दोष तिच्यावर टाकणेही चुकीचेच: महागाई, बेकारी आणि पोलिसी जुलूम यांनी लोक रस्त्यावर आले होते, वाहिनीने एका गावचा क्षोभ दुसऱ्या गावास दाखविला.

तिला उत्तर म्हणून २००३ साली सौदी द्रव्यावर दुबईहून ‘अल अरेबिया’ निघाली, आणि एकच घटना दोन्हीकडे दोन रंगांत दिसू लागली. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन व इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा त्यांच्या तेरा मागण्यांत अल जझीरा बंद करण्याची मागणी ठळक होती. चार अरब सरकारे एका अरब वाहिनीविरुद्ध एकवटतात, यावरून एका मुखाची कल्पना किती पोकळ आहे ते कळावे.

आणखी एक समज इंग्रजी पत्रांचा. दुबईहून येणारी मराठी माणसे ‘गल्फ न्यूज’ वा ‘खलीज टाइम्स’ वाचून अरबी मत कळले असे मानतात. पण १९७८ साली निघालेली ही इंग्रजी पत्रे मुख्यतः परदेशांतून आलेल्या रहिवाशांसाठी आहेत, आणि त्यांच्या लेखकवर्गात भारतीयांचा भरणा मोठा आहे. अरबी चहाखान्यातील वाद त्यांत उतरत नाही.

राहिला शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायकारक समज: अरब पत्रकार म्हणजे दरबारी भाट. बैरूतच्या ‘अन-नहार’मध्ये लिहिणारा समीर कसीर आणि त्याच पत्राचा चालक जिब्रान तुएनी हे दोघे २००५ साली सहा महिन्यांच्या अंतराने बॉम्बस्फोटांत मारले गेले, सौदी पत्रकार जमाल खाशोगी याची २ ऑक्टोबर २०१८ रोजी इस्तंबूलमधील स्वतःच्या देशाच्या वाणिज्य दूतावासात हत्या झाली. पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबातील शिरीन अबू अकलेह, जिने पाव शतक अल जझीरासाठी वार्तांकन केले, ११ मे २०२२ रोजी जेनिन येथे ‘प्रेस’ असे लिहिलेला अंगरखा घालून उभी असता गोळी लागून ठार झाली. आपल्याच सैनिकाची गोळी लागली असण्याची मोठी शक्यता आहे, हे इस्रायली लष्कराने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कबूल केले. तिच्या वाहिनीची कचेरी मे २०२४ मध्ये इस्रायलने बंद केली, आणि १ जानेवारी २०२५ रोजी त्या वाहिनीचे काम स्थगित करण्याचा हुकूम पॅलेस्टिनी प्राधिकरणानेही काढला.