गल्ल्यापाशी थांबणारी गोष्ट

दुकानातील नोकरवर्गाला मोबाईलवरून प्रशिक्षण देण्याची पद्धत आता लहान पेढ्यांतही रुजू लागली आहे. तिचे स्वरूप बहुधा सूचनाफलकाचेच असते : पिन कोणास सांगू नये, रक्कम जमा झाल्याची खात्री करूनच माल द्यावा. सूचना योग्यच, पण शेवटी ‘समजले’ या बटणावर बोट ठेवणाऱ्यास त्या दिवाळीच्या गर्दीत आठवतील, याचा भरवसा नाही.

अमेरिकेतील गॉर्डन बॉवर व त्यांचे सहकारी क्लार्क यांनी १९६९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकी १० शब्दांच्या १२ याद्या विद्यार्थ्यांना पाठ करावयास दिल्या होत्या. शब्द गोष्टीत गुंफणाऱ्यांना अखेरीस सुमारे ९३ टक्के शब्द आठवले. नुसते पाठ करणाऱ्यांना अवघे १३ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ मधील फसवणूकविषयक पुस्तिकेचे नावही ‘राजू आणि चाळीस चोर’ असेच आहे.

मात्र पडद्यावर गोष्ट सांगून संपविली, तर ती करमणूकच ठरते. ती निर्णयाच्या क्षणी थांबली पाहिजे. समजा, कापडाचे दुकान आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्यासाठी शेठजी घरी गेले आहेत. गल्ल्यावर एकोणीस वर्षांचा मुलगा. ग्राहक १८,५०० रुपयांच्या साड्या बांधून घेतो आणि पैसे भरल्याची पावती मोबाईलवर दाखवितो. साउंडबॉक्स मात्र गप्प. “नेटवर्क नसेल,” ग्राहक म्हणतो. बाहेर रिक्षा उभी आहे. चित्रफीत येथे थांबते आणि विचारते : आता काय करशील?

‘खाते पाहीन’ हे उत्तर बरोबर. पण खाते पाहण्याची सोय केवळ शेठजींच्या मोबाईलवर असेल, तर मुलाने पाहावे कशात? सूचनांच्या यादीत ही अडचण कधीच दिसत नाही. गोष्ट रचावयास बसले की पहिल्या पाच मिनिटांत समोर येते. मग प्रशिक्षणापूर्वी दुकानाचीच व्यवस्था बदलावी लागते.

पुढल्या भागात तोच मुलगा ‘पैसे मिळविण्यासाठी’ म्हणून दुकानाच्या मोबाईलवर यूपीआय पिन टाकतो. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे, हे त्याला रक्कम गेल्यावर उमगते. १९३० या क्रमांकावर लगेच कळविल्यास ती रक्कम वाटेत अडविता येण्याचा संभव असतो. पगार कापला जाईल या धास्तीने तो दोन दिवस बोलत नाही. हा भाग नोकरांआधी मालकांना दाखवावा.