जाणून घेण्याची भूक

श्रोते हो, भाषेत शब्द एकटे नांदत नाहीत. प्रत्येकाचे सोबती ठरलेले असतात. पाऊस पडतो, ऊनही पडते. पण वारा सुटतो. 'वारा पडला' म्हटले, तर तो थांबला असा अर्थ होतो! आज आपण जाणून घेण्याच्या इच्छेचे तीन शब्द घेऊ आणि त्यांचे सोबती पाहू.

पहिला शब्द उत्सुकता. ती लागते, ताणली जाते, शिगेला पोहोचते. शीग म्हणजे मापात धान्य भरल्यावर काठाच्या वर येते ती रास. निकाल लागेपर्यंत उत्सुकता असते. निकाल कळला की संपली.

दुसरा शब्द कुतूहल. ते वाटते, चाळवते आणि शमते. मुलांच्या कुतूहलाला आपण 'बालसुलभ' म्हणतो.

तिसरा शब्द जिज्ञासा. ती उपजत असते, जागृत होते, तृप्त होते. 'ज्ञा' म्हणजे जाणणे. जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. ब्रह्मसूत्रे आणि जैमिनीची मीमांसासूत्रे, या दोन्ही ग्रंथांच्या पहिल्याच सूत्रात हा शब्द आहे. याच घडणीचा शब्द 'बुभुक्षा', म्हणजे खाण्याची इच्छा. तोच झिजून आपल्या घरात 'भूक' झाला. म्हणजे भूक आणि जिज्ञासा एकाच साच्यातल्या!

आता गंमत पाहा. भूक चाळवते, तसं कुतूहलही चाळवतं. तहान भागते, तशी जिज्ञासाही भागते. 'कुतूहलापोटी विचारलं' असं आपण म्हणतो, तिथं तर चक्क पोटच आलं!

पण हीच इच्छा आपल्याला नकोशी झाली, की सोबती बदलतात. मग आपण म्हणतो 'नसती चौकशी', 'नसती उठाठेव'. शेजारच्या घरी कोण आलं, कोण गेलं, हे विचारणाऱ्याला भोचक म्हणावं. त्यात काही चूक नाही. पण हिवाळ्यातल्या सकाळी एखादी मुलगी विचारते, "गुरुजी, विहिरीचं पाणी आज कोमट कसं?" तिलाही आपण "नसत्या चौकशा नकोत, धडा वाच" असंच म्हणतो ना?

खरं तर उत्तर सोपं आहे. जमिनीच्या पोटातलं पाणी बाराही महिने जवळजवळ सारखंच राहतं. गार झालेली असते ती बाहेरची हवा. म्हणून तेच पाणी थंडीत कोमट लागतं आणि उन्हाळ्यात गार. उत्तर येत नसेल, तर "चल, दुपारी पुन्हा हात घालून पाहू" एवढं म्हटलं तरी पुरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, भुकेचा आणखी एक सोबती सांगायचा राहिला. वेळेवर खायला मिळालं नाही, तर आपण म्हणतो, 'भूक मेली.' जिज्ञासेचंही तसंच आहे. मुलाला दोनदा गप्प बसवलं, तर तिसऱ्यांदा ते विचारतच नाही. वर्ग शांत होतो आणि आपल्याला वाटतं, शिस्त लागली!